‘तिकडे झाला’ वेगळं, ‘इकडे होईल’ वेगळं

योजना एका ठिकाणी यशस्वी झाली, की ‘पुरावा आहे, आपल्याकडेही राबवा’ हा आग्रह धरला जातो. पुरावा असतो तो ‘तिकडे उपयोग झाला’ याचा. ‘इकडे होईल’ हा स्वतंत्र दावा आहे.

पहिला दावा कसा तपासायचा, हे बहुतेकांना ठाऊक असतं: तुलनेला योजना न मिळालेला गट होता का, कोण कुठल्या गटात ही वाटणी चिठ्ठ्या टाकून केली का, नमुना पुरेसा होता का. ही तपासणी कितीही काटेकोर केली तरी ती तिथल्यापुरतीच बोलते.

खरी गल्लत दुसऱ्या दाव्यात होते. तमिळनाडूत १९८० साली जागतिक बँकेच्या मदतीने पोषण प्रकल्प सुरू झाला. ६ ते ३६ महिन्यांच्या मुलांचं दरमहा वजन, वाढ खुंटलेल्यांना किमान ९० दिवस पूरक आहार, आयांना आहाराचं मार्गदर्शन. तीव्र कुपोषण घटलं. त्याच धर्तीवर १९९५ मध्ये बांगलादेशात प्रकल्प उभा राहिला, पण अपेक्षेइतका परिणाम दिसला नाही. तिथल्या खेड्यांत बाजारहाट बहुधा पुरुष करतात आणि एकत्र कुटुंबात कोणाला किती वाढायचं हे अनेकदा सासू ठरवते. शिकवलं सुनेला, निर्णय दुसऱ्यांचा. शिवाय केंद्रात मूल खाऊन आलं की घरी त्याला कमी वाढलं जाण्याचा धोका असतोच. मग आहार पूरक उरत नाही.

तेव्हा उचलायचं सूत्र ‘आईला शिकवा’ हे नव्हतंच. ‘मुलाच्या ताटात काय पडतं हे जी व्यक्ती ठरवते, तिला शिकवा’ हे होतं. तमिळनाडूत ती व्यक्ती बहुतांशी आई होती, इतकंच.

म्हणून ‘दोन्ही भाग सारखेच गरीब आहेत’ हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. गरिबी सारखी असून भागत नाही. पैसा सुटल्यापासून मुलाचं वजन वाढेपर्यंतचा एकेक टप्पा कागदावर मांडा आणि प्रत्येकापुढे लिहा: हे कोण करणार, त्यासाठी आणखी काय लागतं, ते इथे आहे का? उत्तरं गावात चार घरी स्वयंपाकाच्या वेळी बसून मिळतात, मूळ अहवालात नाही.

टप्पे जुळले तरी आवाका वाढला की गणित बिघडतं. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या प्रयोगात १३ ते १७ मुलांच्या लहान वर्गांत शिकणं सुधारलं. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये राज्यभर वर्ग लहान केले, तेही २० मुलांपर्यंतच, आणि एकदम हजारो शिक्षक लागले. पूर्ण पात्रता नसलेले भरावे लागले, ग्रंथालयं आणि संगीताच्या खोल्यांत वर्ग भरले. टेनेसीत निवडलेल्या शाळांकडे जागा आधीच होती.