सिगारेट सुटली, पण कटिंगचं काय?

बदलापूरहून सकाळची फास्ट पकडणाऱ्याचा सव्वा तास डब्यात जातो. वीस वर्षं रोज पंधरा सिगारेटी ओढणारा माणूसही त्या गर्दीत मुकाट उभा असतो. ओढता येणारच नाही म्हटल्यावर तलफही फारशी छळत नाही. भायखळा सुटलं की मात्र हात खिसा चाचपायला लागतो, आणि सीएसएमटीबाहेरच्या टपरीवर चहाची वाफ दिसली की संपलंच.

तलफ म्हणजे निव्वळ निकोटिनची टंचाई असती, तर ती वाटेत एकसारखी वाढत गेली असती. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं, मग गाडी कुठेही असो. इस्रायलमधल्या विमान कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. उड्डाण लांबचं असो की जवळचं, त्यांची तलफ उतरायची वेळ आली की चढत होती. शेवटची सिगारेट ओढून किती तास झाले, याचा तिच्याशी त्या मानाने कमीच संबंध होता.

तेव्हा 'तलफ' हा शब्द जरा फोडून पाहायला हवा. त्यात निकोटिनची ओढ आहे, टपरी दिसताच चाळवणारी सवय आहे, आणि तिसरी एक भानगड आहे जिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ती म्हणजे चहा.

सिगारेटच्या धुरातल्या डांबरात काही हायड्रोकार्बन असतात. त्यांच्यामुळे यकृतातलं सीवायपी१ए२ नावाचं एन्झाइम जोरात कामाला लागतं. चहातल्या कॅफीनचा निकाल लावणारं एन्झाइम हेच. म्हणून ओढणाऱ्याच्या अंगातून कॅफीन भराभर निघून जातं आणि दिवसाला सात-आठ कटिंग त्याला सहज पचतात. सिगारेट थांबली की आठवडाभरात हे एन्झाइम मूळ पदावर येतं. चहा तेवढाच राहिला, तर रक्तातलं कॅफीन जवळजवळ दुप्पट होतं. मग छातीत धडधड, हाताला कापरं, रात्री टक्क जाग आणि घरात सगळ्यांवर खेकसणं. निकोटिन सुटल्याची लक्षणंही बरीचशी अशीच असल्याने माणूस म्हणतो, "आपल्याला नाही बुवा सोसत," आणि पुन्हा पेटवतो.

सोडायच्या दिवसापासून चहा निम्मा करावा. एकदम बंद नको, नाहीतर कॅफीन तुटल्याची डोकेदुखी वेगळी मागे लागते. सिगारेट सोडताना तलफ आवरायला तोंडात ठेवायची निकोटिनची गम घेतली तरी हा हिशेब बदलत नाही, कारण एन्झाइमला चेतवणारा धूर होता, निकोटिन नव्हे. दम्याचं थिओफिलिन, मानसिक आजारांवरची ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही औषधंही याच एन्झाइमच्या हाती असतात. ती चालू असतील तर डॉक्टरांना सिगारेट सोडण्याआधीच सांगावं, डोस कमी करावा लागू शकतो.

आता गम. तंबाखूला चुना का लावायचा, हे मळणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. चुन्याशिवाय ती 'लागत' नाही. अल्कधर्मी तोंडात निकोटिनच्या रेणूवरचा विद्युतभार जातो आणि तो गालाच्या आतल्या अस्तरातून रक्तात शिरतो. आंबट तोंडात तो भार घेऊन बसतो, लाळेबरोबर पोटात उतरतो आणि पुढे यकृतात बराचसा नष्ट होतो. चुन्याचं हे काम गममध्ये कार्बोनेट करतं. त्यावर कॉफी, कोल्ड्रिंक किंवा लिंबू सरबत घेतलं की सगळं पाण्यात. चहा तितका आंबट नसेल, पण तो तोंडातलं निकोटिन धुऊन घशाखाली नेतो. म्हणून गमच्या आधी १५ मिनिटं आणि ती तोंडात असेपर्यंत काही खाऊ-पिऊ नये.

ही गम च्युइंग गमसारखी चघळायची नसते. हळूहळू चावायची, तिखटसर चव किंवा झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची. मिनिटभराने झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा चार-पाच वेळा चावून दुसऱ्या गालात. एक गम अर्धा तास पुरते. सलग चघळली तर उचकी, जळजळ, मळमळ ठरलेली, आणि "मला गम सूट होत नाही" या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच सापडतं.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलीग्रॅमची गम लागते. तिला डॉक्टरांची चिठ्ठी हवी. एरवी २ मिलीग्रॅम पुरे. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार-आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर नाही. लोक इथे कंजूषी करतात, दिवसभरात दोन गम खाऊन "फरक नाही" म्हणतात. धुरातलं निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं, गमला बरीच मिनिटं लागतात, तेव्हा तलफ अंगावर आल्यावर गम शोधण्यात अर्थ नाही. गरोदर असाल किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर आधी डॉक्टर.

घरातलं पाकीट फेकून द्या, हा सल्ला मुंबईत अर्धाच कामाचा. इथे कित्येकांचं पाकीट म्हणजे टपरीच. राज्यात सुटी सिगारेट विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, हे 'एक दे रे' म्हणणाऱ्याला आणि देणाऱ्याला कुठून कळावं! पहिले तीन आठवडे स्टेशनाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडावं आणि निम्मा झालेला चहा उडप्याकडे बसून प्यावा, तिथे तशीही ओढता येत नाही. तलफेची एक लाट काही मिनिटांत ओसरते.

दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट. चिडचिड दोन ते चार आठवडे पुरते. सकाळच्या सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही, ही तक्रार खरी आहे, कारण निकोटिन आतड्यांना हलवतं. काही दिवस रात्री इसबगोल घ्यावा. खोकला वाढला तर घाबरू नये, श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा झाडलोट करू लागलेले असतात. कफात रक्त दिसलं तर मात्र लगेच दाखवावं. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं.

एखादी ओढली गेलीच, तर गम बंद करू नये, ठरलेले आठवडे तसेच चालू ठेवावेत. ती कुठे, कुणाबरोबर, कितव्या चहानंतर ओढली हे मोबाइलमध्ये टिपून ठेवावं. सिगारेटच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा मोफत नंबर छापलेला असतो. तिथे फोन केला की समुपदेशक नेमकं हेच विचारतात.