ग्राउंड लूप आणि व्हीलबॅरोइंग: विमान वळलं, पण कोणत्या चाकावर?

छोटं विमान उतरतं, धावपट्टीवर टेकतं आणि एकाएकी बाजूला ओढलं जातं. बघणारे म्हणतात, 'ग्राउंड लूप झाला,' म्हणजे जमिनीवर धावताना विमान अनावर होऊन गर्रकन वळलं. पुष्कळदा त्याआधी झालेलं असतं ते व्हीलबॅरोइंग, म्हणजे वजन पुढच्या चाकावर येऊन विमान एकचाकी हातगाडीसारखं धावणं. दोन्हींत विमान हाताबाहेर जातं, म्हणून सरसकट एकच नाव चिकटतं. खरं तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मात्र व्हीलबॅरोइंगमधून ग्राउंड लूप उद्भवू शकतो.

व्हीलबॅरोइंग नोजव्हीलवाल्या, म्हणजे नाकाखाली चाक असलेल्या विमानांचं दुखणं. मूळ बहुधा जादा वेगात असतं. समजा स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान उचलून धरू शकत नाहीत) 45 नॉट आहे. अंतिम टप्प्यात त्याच्या 1.3 पट, म्हणजे साधारण 58 नॉट हवेत. 68 ने आलात, तर जिरवायची ऊर्जा 37 टक्क्यांनी वाढते आणि विमान तरंगत राहतं. मग पायलट कंटाळून स्टिक (नाक वर-खाली करायचा दांडा) पुढे दाबतो आणि विमान जबरदस्तीने टेकवतो. पंख अजून वजन उचलून धरत असतात, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, उचल वाढवणाऱ्या पट्ट्या) पूर्ण खाली असतील तर जास्तच. मागची मुख्य चाकं हलकी होतात, भार पुढच्या चाकावर येतो आणि विमान त्या एका चाकाभोवती फिरू लागतं. रडरचं (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूचं) पॅडल पायाने जरा दाबलं तरी नाक झटक्यात वळतं, ही पहिली खूण. दुसरी, ब्रेक लागतच नाहीत, कारण ब्रेक मुख्य चाकांना असतात आणि तिथे वजनच नसतं. तरी ब्रेक दाबत राहिलात तर नाक आणखी खाली जातं. अशा वेळी स्टिकवरचा पुढचा दाब आधी सोडायचा. थ्रॉटल बंद ठेवून स्टिक हळूच मागे घ्यायची. मुख्य चाकांवर वजन बसलं की मगच ब्रेक. विमान अजून ताब्यात असेल आणि धावपट्टी पुरेशी उरली असेल, तर गो-अराउंड (पुन्हा उड्डाण करून नव्याने उतरणं) केव्हाही बरा.

क्रॉसविंडमध्ये, म्हणजे बाजूने वारा असताना, आणखी एक गोची होते. काही विमानांत नोजव्हील थेट रडर पॅडलला जोडलेलं असतं. पॅडल दाबलेलं असतानाच नाक खाली आलं, तर तिरकं झालेलं चाक जमिनीला लागतं आणि विमान त्याच बाजूला उसळतं. म्हणून ते चाक टेकताना पॅडल मधोमध आणायचं.

ग्राउंड लूप नोजव्हीलवाल्यातही होतो, पण टेलव्हीलवाल्या, म्हणजे शेपटीखाली चाक असलेल्या विमानाच्या तो रचनेतच आहे. तिथे गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. नाक डावीकडे जरा वळलं की मागचं वजन जुन्याच दिशेने पुढे जाऊ पाहतं आणि शेपूट उजवीकडे ढकलतं, त्यामुळे वळण आपोआप आवळत जातं. विमान बाहेरच्या बाजूला कलतं, उजव्या पंखाचं टोक घासतं आणि उजव्या मुख्य चाकाचा पाय वाकतो. (नोजव्हीलवाल्यात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असल्याने तेच वजन विमानाला सरळ करतं.)

धोका टेकतानाच असतो असं नाही. वेग उतरला की रडरवरची हवा मंदावते, वारा मात्र तेवढाच असतो आणि नाक वाऱ्याकडे वळू लागतं. उतरलो म्हणून पायलटचे पाय पॅडलवर सैल सोडले जातात, ते नेमके इथे. स्टिक पूर्ण मागे ठेवून टेलव्हील जमिनीला दाबून धरायचं आणि वेग कमी होईल तसा वाऱ्याकडचा एलेरॉन (पंखाच्या टोकाकडची, विमान कलवणारी पट्टी) वाढवत न्यायचा. रडर तळहातावर काठी तोलावी तसा वापरायचा, म्हणजे थोडा, लगेच, आणि नाक सरळ येण्याआधीच परत. उशीर झाला की पाय जोरात पडतो आणि विमान दुसऱ्या बाजूला आणखी मोठं वळतं. रडर पुरेना, तर वळणाच्या विरुद्ध बाजूचा ब्रेक हलकेच. पण बरीच टेलव्हील ठरावीक कोनापलीकडे मोकळी फिरू लागतात, आणि तिथून विमान सावरणं बहुतेक हातात राहत नाही.

नुकसानीवरूनही फरक कळतो. व्हीलबॅरोइंगनंतर पुढच्या चाकाचा पाय, फायरवॉल (इंजिनामागची आगरोधक भिंत) आणि प्रोपेलरची टोकं तपासा. प्रोपेलर जमिनीला लागला असेल तर, इंजिन आयडलवर (किमान वेगावर) असलं तरी, क्रँकशाफ्टची तपासणी टाळू नका. ग्राउंड लूपनंतर बाहेरच्या बाजूचं पंखाचं टोक, तिथला स्पार (पंखातला मुख्य दांडा) आणि मुख्य पाय धडाला जोडणारे फिटिंग बघा. वरचा पत्रा सरळ दिसला, तरी तडा आत असू शकतो.