पान्दाउवर इंग्रजी कशी आली

निळसर कापड, वरच्या कोपऱ्यात डोंगर आणि विमानं, मधून वाहणारी मेकाँग, बांबूच्या मोळ्यांना धरून ती ओलांडणारी माणसं, आणि खाली निर्वासितांची छावणी. लाओसच्या डोंगरांतून आलेल्या ह्मोंग जमातीच्या बायकांच्या या भरतकामाला ‘स्टोरी क्लॉथ’ म्हणतात आणि ते बऱ्याचदा ‘प्राचीन परंपरा’ म्हणून विकलं जातं. खरं तर हा प्रकार कालपरवाचा आहे. १९७५ च्या आधी लाओसच्या डोंगरांत माणसांची चित्रं असं कुणी फारसं भरत नसे.

तेव्हा होतं ते पान्दाउ, म्हणजे ‘फुलाचं कापड’. त्यात चित्रं नव्हती, आकृत्या होत्या: गोगलगाईचे वेटोळे, हत्तीचं पाऊल, मेंढ्याची शिंगं, आठ टोकांची चांदणी. वरचं कापड बारीक चिरायचं, कडा आत दुमडून अदृश्य टाक्यांनी शिवायच्या आणि खालचा रंग डोकावू द्यायचा. काही गटांत हेंपच्या, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याच्या, कापडावर मेणाने रेघा काढून ते निळीत बुडवत. हे काम नुसतं शोभेचं नव्हतं. बाळाची टोपी गोंड्यांनी आणि नाण्यांनी अशी सजवायची की वरून पाहणाऱ्या दुष्टात्म्याला ते फूल वाटावं आणि त्याने पुढे जावं. बाळाला पाठीशी बांधायचं कापड सगळ्यांत मन लावून भरायचं. काठाला त्रिकोणांची रांग असायची, ती डोंगरांचं कुंपण मानलं जाई. गळ्यातली चांदीची हसळी आत्म्याला अंगातच ठेवणारं कुलूप, मनगटाचा दोरा त्याला बांधून ठेवणारा. आपल्याकडे बाळाला कुंची घालून गालावर काजळाची तीट लावतात, त्यामागचा हिशेब याहून फार वेगळा नाही. फक्त आपण बाळाला थोडं विद्रूप करतो, ते त्याला फूल करतात.

आता त्या नावाचा गुंता. रोमन लिपीत पान्दाउ हा शब्द ‘पी-ए-जे, एन-टी-ए-यू-बी’ असा लिहितात. शेवटचा ‘जे’ आणि शेवटचा ‘बी’ मुळीच उच्चारायचे नसतात, ती सुरांची चिन्हं आहेत. ह्मोंग भाषेत एकाच अक्षरसमूहाचा अर्थ सुरानुसार बदलतो आणि सूर सात-आठ आहेत, म्हणून ही लिपी घडवणाऱ्यांनी सूर दाखवायला शब्दाच्या शेवटी मोकळी पडलेली व्यंजनं वापरली. त्यामुळे ‘ह्मोंग’ हा शब्दच ‘एच-एम-ओ-ओ-बी’ असा दिसतो: जोडीचा ‘ओ’ म्हणजे अनुनासिक, ‘बी’ म्हणजे उंच सूर. अमेरिकेत शाळेच्या हजेरीपटावर ही नावं वाचताना काय होत असेल, याची कल्पना करता येते.

ही लिपी १९५१ ते १९५३ च्या दरम्यान लाओसमध्ये काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांनी ह्मोंग सहकाऱ्यांच्या मदतीने बनवली. १९५९ मध्ये शाळेचं तोंडही न पाहिलेल्या एका शेतकऱ्याने स्वतःची वेगळी लिपी काढली, ती दैवी आहे असं त्याचे अनुयायी मानत, आणि १९७१ मध्ये त्याचा खून झाला. त्याआधीच्या काळाबद्दल ह्मोंग लोक एक गोष्ट सांगतात: चीनमधून पळताना पुस्तकं हरवली, कुणी म्हणतं नदीत बुडाली, कुणी म्हणतं घोड्यांनी खाल्ली, आणि बायकांनी अक्षरं कपड्यांत लपवून आणली. आकृत्यांमध्ये खरोखर वर्णमाला होती याचा पुरावा मिळालेला नाही. पण हरवलेल्या लिपीचं दुःख एवढं खोल असताना पुढे कापडावर अक्षरं आली, तीही परक्या भाषेची, हे लक्षात ठेवायला हवं.

लाओसमधल्या गुप्त युद्धाबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. अमेरिकी गुप्तचर यंत्रणेने कम्युनिस्टांविरुद्ध उभ्या केलेल्या ह्मोंग फौजेचा तळ मे १९७५ मध्ये रिकामा झाला. विमानांत मोजकेच बसले, बाकीच्यांना जंगल आणि नदी उरली. थायलंडच्या लोई प्रांतात त्याच वर्षी बान विनायची छावणी उघडली. तिथे पुढे चाळीस हजारांवर माणसं राहिली आणि ती बंद झाली १९९२ मध्ये.

या छावणीत पान्दाउवर माणसांची चित्रं आली आणि वाद इथेच आहे: कुणाच्या सांगण्यावरून? एक मत असं की परदेशी मदतनिसांनी ‘विकलं जाईल असं काहीतरी करा’ म्हणून सुचवलं. दुसरं मत असं की शेती नसलेल्या, हात रिकामे असलेल्या पुरुषांनी शाळेच्या पुस्तकांतली चित्रं पाहून पेन्सिलीने कापडावर रेखाटलं आणि बायकांनी ते भरलं. पहिल्या मतात थोडं तथ्य असेलच, कारण विक्रीची वाट परदेशी हातांतूनच जात होती. पण दुसरं मत मागे ढकललं जातं, हे मला खटकतं. घरातली कला बाईची आणि कल्पना गोऱ्या साहेबाची, ही मांडणी सोयीची आहे, आणि तिच्यात चित्र काढणारा ह्मोंग पुरुष गायबच होतो. रंगांबाबत मात्र शंका नाही. भडक गुलाबी, हिरवे, केशरी जाऊन फिके निळे आणि बदामी आले, ते अमेरिकी दिवाणखान्यांच्या सोफ्यांशी जुळावेत म्हणून.

चित्रांसोबत भरलेल्या इंग्रजी ओळीही त्याच गिऱ्हाइकासाठी. शिवणाऱ्या कितीतरी बायकांना कुठलीच लिपी येत नव्हती. कागदावरची अक्षरं त्यांनी गोगलगाईच्या वेटोळ्यासारखीच उतरवली, आकृती म्हणून. म्हणून काही कापडांवर अक्षरं उलटी आहेत, शब्द मधेच तुटले आहेत, स्पेलिंग चुकलेली आहेत. बाई आपल्याच पळण्याची गोष्ट तिला वाचता न येणाऱ्या भाषेत टाचत होती. पुढे मिनेसोटात किंवा कॅलिफोर्नियात प्रौढांच्या इंग्रजी वर्गात हीच कापडं शिकवण्याचं साधन झाली: चित्राकडे बोट दाखवा आणि वाक्य बनवा. काठावरच्या त्रिकोणांचं कुंपण मात्र युद्धाच्या चित्रांभोवतीही कायम राहिलं.

अमेरिकेच्या १९८० च्या निर्वासित कायद्यानंतर ओघ वाढला. कुटुंबं मुद्दाम वेगवेगळ्या राज्यांत विखुरली गेली, पण नातेवाइकांच्या ओढीने ती स्वतःच मिनेसोटातल्या सेंट पॉल आणि कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोकडे सरकली. पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर भागात आमिश या साधं, जुन्या वळणाचं जगणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या नावाने पर्यटकांना विकल्या जाणाऱ्या गोधड्यांचं बारीक काम बऱ्याचदा ह्मोंग बायका करत. गिऱ्हाइकाला ते सांगितलं जात नसे.

२०१० च्या जनगणनेत अमेरिकेत ह्मोंग लोकांची संख्या २ लाख ६० हजार होती. नव्या वर्षाच्या उत्सवातले कपडे आता बहुतेक यंत्रावर भरलेले, चीन किंवा थायलंडहून आलेले असतात, नाणी मात्र अजून खुळखुळतात. सेंट पॉलच्या सरकारी शाळांत ह्मोंग भाषेचे वर्ग आहेत आणि तिथे जन्मलेली मुलं तो न उच्चारायचा ‘बी’ शिकतात. वृद्ध बायका हाताने भरलेला एक जोड बाजूला काढून ठेवतात. तो मरणानंतर अंगावर घालायचा, पलीकडे पूर्वजांनी ओळखावं म्हणून.