फाटलेल्या आवाजातला सा-प

“स्पीकर फाटलाय का रे?” शेजारच्या काकांनी दारातूनच विचारलं. भाच्याच्या बँडचा दुसरा अल्बम नुकताच तयार झाला होता आणि तो मला ऐकवायला घरी आला होता. काकांच्या प्रश्नात टोमणा नव्हता, त्यांना खरंच वाटलं की काहीतरी बिघडलंय. “नाही काका, असंच आहे ते,” म्हणत भाच्याने आवाज कमी केला. मी मात्र तो प्रश्न घेऊन बसलो, कारण काकांचं निदान जवळजवळ अचूक होतं. या संगीताचा आवाज जन्माला आलाच मुळी बिघडलेल्या ॲम्पमधून आणि फाटक्या स्पीकरमधून. आणि त्या फाटण्यात जे गणित आहे, ते भौतिकशास्त्र शिकवताना मला सापडलेल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक आहे.

भाचा आणि त्याचे तीन मित्र ब्लॅक मेटल वाजवतात. हेवी मेटलची ही सगळ्यात खरबरीत शाखा. तिला नाव मिळालं वेनम या इंग्लिश बँडच्या १९८२ सालच्या अल्बमवरून. आज तिचा जो घाट ओळखला जातो, तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेतल्या पोरांनी घडवला. त्यांच्यातल्या काहींनी जुनी लाकडी चर्चं जाळली, खूनही केले. त्याचं समर्थन होऊच शकत नाही आणि ही मुलं ते करतही नाहीत. त्यांनी तिकडून घेतला तो ध्वनी आणि स्वतःच्या पैशाने, कुणालाही न विचारता काम करण्याची रीत. नाशिकमधल्या सातपूरच्या एका रिकाम्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी रेकॉर्डिंग, मिक्सिंग घरी, मोजक्या कॅसेट हाताने भरलेल्या. बँडचं नाव छापू नका, असं त्यांनी सांगितलंय, म्हणून छापत नाही.

नॉर्वेची गाणी बर्फाची आणि जंगलाची. यांची गाणी गोदावरीच्या पुराची. शेवटचं गाणं साडेनऊ मिनिटांचं आहे आणि त्यात रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हळूहळू पाण्याखाली जातो. नाशिककर पूर मोजतात तो याच मारुतीवर: गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं. १९६९ चा पूर या मुलांनी आजी-आजोबांकडून ऐकला, २०१६ च्या ऑगस्टमधला स्वतः पाहिला. पाणी चढतं तसा गिटारचा थर चढत जातो. हा थर कसा तयार होतो, तेच सांगायचं आहे.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांमध्ये वीज उपजते. फॅरेडेचा हा नियम शाळेत सगळ्यांनी लिहिलाय. ही वीज इवलीशी असते, ॲम्प ती वाढवतो. पण प्रत्येक ॲम्पला एक छत असतं. त्याच्या वर तो व्होल्टेज देऊच शकत नाही. लाट छताला टेकली की तिचा माथा सपाट कापला जातो. खालच्या बाजूला जमीन असते, तिथे तळ कापला जातो. डिस्टॉर्शन म्हणतात ते हेच. १९५० च्या दशकात काही वादकांना हा आवाज अपघाताने सापडला, काहींनी तर स्पीकरच्या कागदाला मुद्दाम भोकं पाडली. १९६२ मध्ये माएस्ट्रो फझ-टोन ही पेडल बाजारात आली आणि फाटका आवाज पायाने चालू-बंद करता येऊ लागला. आजच्या बऱ्याच साध्या पेडलमध्ये ही छाटणी दोन सिलिकॉन डायोड करतात. व्होल्टेज ०.६ ते ०.७ च्या वर गेलं की ते वाहू लागतात आणि लाटेचा माथा तिथेच थांबतो.

माथा कापल्याने काय होतं? पुन्हापुन्हा येणारी कोणतीही लाट साध्या गोल लाटांच्या बेरजेने बनवता येते, हे फूरियेने दाखवलं. सपाट माथ्याची लाट बनवायची तर मूळ लाटेत तिच्या ३ पट, ५ पट, ७ पट कंपनसंख्येच्या लाटा मिसळाव्या लागतात. गिटारची सर्वांत जाड तार ८२.४ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ८२.४ वेळा थरथरणारी. तिची लाट वर-खाली सारखी छाटली की २४७, ४१२, ५७७ हर्ट्झचे स्वर जोर धरतात. हे मूळ तारेचेच नातेवाईक, म्हणून एक तार वाजते तेव्हा आवाज धारदार होतो, पण बेसूर होत नाही.

खरी गंमत दोन तारा एकत्र छेडल्यावर. मेटलमध्ये सर्वाधिक वापरली जाणारी जोडी म्हणजे पॉवर कॉर्ड. आपल्या भाषेत सा आणि प, दुसरं काही नाही. सा ८२.४ धरला तर प त्याच्या दीडपट, १२३.६. साध्या ॲम्पमधून हे दोन स्वर आत जातात आणि दोनच बाहेर येतात. छाटणाऱ्या पेडलमधून मात्र आत दोन जातात आणि बाहेर गर्दी येते.

का, ते बघायला अकरावीचं एक सूत्र लागेल: २ कोसाइन अ × कोसाइन ब = कोसाइन (अ + ब) + कोसाइन (अ − ब). म्हणजे दोन लाटांचा गुणाकार झाला की त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी जन्माला येते. नुसती बेरीज करणाऱ्या यंत्रात गुणाकार होत नाही. पण छाटणी गणितात मांडायला गेलं की इनपुटचा घन येतो, ढोबळमानाने य = क्ष − ख × क्ष³ असा. आता क्ष म्हणजे दोन तारांची बेरीज, त + थ. तिचा घन उलगडला की त³ आणि थ³ सोबत ३त²थ आणि ३तथ² या पदांमध्ये दोन्ही तारा एकमेकींत गुणल्या जातात. वरचं सूत्र त²थ ला दोनदा लावा, म्हणजे ‘पहिलीची दुप्पट अधिक दुसरी’ आणि ‘पहिलीची दुप्पट वजा दुसरी’ हे नवे स्वर मिळतील. खरी छाटणी याहून कडक असते, म्हणून पाचवा घात, सातवा घात असं पुढेही चालू राहतं.

सूत्र नको असेल तर नुसते आकडे घ्या. ८२.४ ची दुप्पट १६४.८. त्यातून १२३.६ वजा केले की उरतात ४१.२. हा आकडा बघून मी दर वेळी थांबतो. ४१.२ म्हणजे ८२.४ ची बरोबर निमपट. मूळ सा च्या खालच्या सप्तकातला सा! गिटारवर एवढ्या खर्जाची तारच नाही. कुणी न छेडलेला स्वर दोन डायोडनी वजाबाकी करून काढला. आणि बाकीची गर्दी? २०६, २८८, ३३०: सगळे ४१.२ च्या पाढ्यातले. ३:२ हे प्रमाण असं आहे की छाटणीतून निघणारा प्रत्येक स्वर त्या एका खर्जाच्या पाढ्यात जाऊन बसतो. गिटारचा स्पीकर ४१ हर्ट्झ फारसा हलवू शकत नाही, तरी फरक पडत नाही. कानावर पाढ्यातले वरचे आकडे पडले की मेंदू पहिला आकडा स्वतः भरून घेतो. म्हणून चार जणांचा बँड डोंगराएवढा वाटतो.

काकांना मी नंतर तंबोऱ्याचं उदाहरण दिलं. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि किंचित गोलाकार घासलेली. तार तिच्यावर एका बिंदूवर टेकत नाही. प्रत्येक कंपनात ती घोडीवर थोडी लोळते आणि उठते. खाली सुताचा दोरा सरकवून ही जागा नेमकी मिळवली की जवारी लागते आणि स्वर झगमगायला लागतो. तारेला नुसतं बांधून ठेवलं असतं तर हे वरचे स्वर इतके उमटलेच नसते. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं. तार ज्या जागी छेडली, तिथे ज्या स्वराचा स्थिर बिंदू आहे, तो स्वर उमटू नये, असा जुना नियम. तंबोऱ्यावर तो स्वर ठणठणीत उमटतो, असं रामन यांना दिसलं. घोडी तारेच्या हालचालीला अडवते, म्हणजे छत घालते, आणि त्या अडवण्यातून नवे स्वर येतात. डायोड आणि घोडी यांची यंत्रणा एक नव्हे, पण तत्त्व एकच: जे जात होतं ते सरळ जाऊ न देणं. आणि तंबोरा लावतात कसा? प, सा, सा, आणि खर्ज. म्हणजे तोच सा-प.

पण मग ब्लॅक मेटल कानाला टोचतं का? कारण ही मुलं सा-प वर थांबत नाहीत. सा सोबत कोमल गंधार घेतला तर ८२.४ आणि ९८. छाटणी झाली की दोन्ही बाजूंना ६६.८ आणि ११३.६ उगवतात, सगळे एकमेकांपासून १५.६ अंतरावर खेटून. आतल्या कानातला पडदा वेगवेगळ्या स्वरांना वेगवेगळ्या जागी हलतो, पण त्याच्या जागांना रुंदी असते. इतके जवळचे स्वर एकाच जागेवर आदळतात आणि तिथे खरखर होते. हेल्महोल्ट्झने १८६३ मध्येच या खरबरीतपणाचा विचार मांडला होता. २०१५ साली ल्यूक आर्नाल आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या किंकाळ्या तपासल्या, तेव्हा त्यांची तीव्रता सेकंदाला ३० ते १५० वेळा थरथरताना दिसली. बोलताना आपण या पट्ट्यात जवळजवळ येतच नाही. असा आवाज ऐकला की मेंदूतला धोका ओळखणारा अमिग्डला जागा होतो. सा आणि तीव्र मध्यम एकत्र छाटले की थरथर होते सेकंदाला ३४. नेमकी किंकाळीच्या पट्ट्यात.

या तीव्र मध्यमाबद्दल इंटरनेटवर एक गोष्ट फिरते की तो ‘सैतानाचा स्वर’ आहे आणि मध्ययुगात चर्चने त्यावर बंदी घातली होती. अशा बंदीचा पुरावा नाही. ‘संगीतातला सैतान’ हा शब्दप्रयोग अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या संगीतशास्त्रज्ञांच्या लिखाणात दिसतो. तोच स्वर आपल्याकडे यमनात आहे, आणि गाणं शिकायला बसलेलं पोर बहुधा यमनापासूनच सुरुवात करतं. पलुस्करबुवांनी ज्या पंचवटीत आश्रम काढला, तिथल्या नदीकाठी हा स्वर किती वेळा लागला असेल! दुसऱ्या टोकाला ‘४३२ हर्ट्झ’वाले आहेत. गिटार ज्या आधारस्वरावरून लावतात, तो ४४० ऐवजी ४३२ हर्ट्झवर धरा, म्हणजे ते विश्वाशी जुळतं, पेशी बऱ्या होतात, असं एका ओळखीच्यांनी भाच्याला सुचवलं. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा. आणि सेकंद हे आपण ठरवलेलं माप आहे, विश्वाला ते माहीत नाही. सैतान असो वा संजीवनी, एका सुट्या कंपनसंख्येत काहीही भरलेलं नसतं. जे आहे ते स्वरांच्या नात्यात.

हे नातं बिघडलं की काय होतं, ते या मुलांच्या पहिल्याच अल्बममध्ये ऐकू येतं. तेव्हा खरा ॲम्प नव्हता. छाटणी लॅपटॉपमधल्या फुकट सॉफ्टवेअरने केली होती. संगणक आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतो, म्हणजे २२,०५० हर्ट्झच्या वरचं त्याला धरता येत नाही. पण छाटणीतून २५,००० हर्ट्झचा स्वरही तयार होतो. तो नाहीसा होत नाही, कडेवरून दुमडून १९,१०० वर येऊन बसतो. त्याच्याही वरचे आणखी खाली येतात. हे दुमडलेले स्वर कुणाच्याच पाढ्यात बसत नाहीत. चांगली सॉफ्टवेअर हे टाळतात, त्या वेळच्याने टाळलं नव्हतं. तो अल्बम ऐकताना काच चावल्यासारखं वाटतं, ते यामुळे. दुसऱ्या वेळी त्यांनी जुना ॲम्प दुरुस्त करून घेतला आणि स्पीकरसमोर माइक ठेवला. बारा इंची स्पीकर ५,००० हर्ट्झच्या वरचं फारसं सोडत नाही, त्यामुळे किरकिर गाळली गेली आणि पाढा उरला. तितकाच खरबरीत, पण आता सुरात.

ड्रमर एका ढोल पथकात ताशा वाजवायचा. नाशिक ढोलाच्या गावात वाढलेल्या मुलाला ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमवरचा अखंड वेगवान मारा, शिकवावा लागला नाही. मिनिटाला २२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्यात चार घाव, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १५. साधारण २० च्या पुढे घाव सुटे ऐकू येत नाहीत, त्यांचा सलग सूर व्हायला लागतो. गिटारवाला त्याच वेगाने एकच तार वर-खाली छेडतो, आणि छाटणीने प्रत्येक छेडीचं टोक बोथट झालेलं असतं. ताल संपून सूर सुरू होतो, त्या उंबरठ्यावर हे संगीत उभं असतं. कानात बोळे मात्र घाला, असं मी चौघांनाही बजावलंय. १०० डेसिबल १५ मिनिटांच्या वर सुरक्षित नाही आणि त्या पत्र्याच्या शेडमध्ये ते सहज होतात.

त्या रात्री भाच्याने पेडल थेट लॅपटॉपला जोडली आणि पुराच्या गाण्याचा शेवट पुन्हा वाजवला. शेवटी सा-प ची एकच छेड आहे, ती विझेपर्यंत धरलेली. पडद्यावर स्वरांच्या उभ्या रेघा दिसत होत्या. ८२, १२३, आणि डाव्या कडेला ४१. काका खुर्ची ओढून बसले. बराच वेळ सगळं जागच्या जागी होतं. माथा छाटला जात असेपर्यंत तारेची शक्ती कमी झाली तरी आवाज कमी होत नाही. मग लाट डायोडच्या छताखाली उतरली. आधी उजवीकडची गर्दी गेली. मग ४१ ची रेघ खचली आणि दिसेनाशी झाली, दोन्ही तारा अजून वाजत असताना. काकांनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, “हा खालचा गेला कुठे?” खरबरीतपणा पूर्ण गेला होता. ८२ आणि १२३ स्वच्छ, गोल ऐकू येत होते, तंबोरा दूर कुठेतरी लागावा तसे. मग तेही गेले, आणि उरली ती मेन्सची ५० हर्ट्झची गुणगुण.