केळवण

केळवण : लग्न ठरलेल्या मुलाला किंवा मुलीला, आणि आता बहुतेक घरी दोघांना मिळून, लग्नाआधीच्या आठवड्यांत नातेवाईक व स्नेही आपल्या घरी बोलावून जे मानाचे जेवण देतात ते. मुंज व्हायच्या मुलालाही असे जेवण देतात आणि त्यालाही केळवणच म्हणतात. घाटावर आणि मराठवाड्यात पुष्कळ ठिकाणी याला गडगनेर किंवा गडंगनेर असे नाव आहे. साखरपुडा झाला की केळवणांची बोलावणी सुरू होतात आणि घरी देवक बसले, हळद लागली की थांबतात.

केळीच्या पानावर वाढतात म्हणून केळवण, अशी फोड नेहमी ऐकू येते. शेजारच्या गुजरातीकडे पाहिले तर दुसरी वाट दिसते. तिथे ‘केळववुं’ म्हणजे मशागत करणे, जोपासणे, वळण लावणे; आणि ‘केळवणी’ म्हणजे शिक्षण. जोपासण्याचा हा अर्थ केळवणाच्या मूळ भावनेला पानापेक्षा जास्त जवळचा वाटतो. दुसऱ्या घरी जायच्या आधी आपल्या माणसांनी एकदा पोटभर, लाडाने खाऊ घालावे, ही ती भावना.

लग्नाच्या इतर विधींत केळवण वेगळे उठून दिसते ते एका गोष्टीमुळे. त्याला मंत्र नाही, मुहूर्त नाही, गुरुजी लागत नाहीत. म्हणूनच जातीजातींचे लग्नविधी वेगळे असले तरी केळवण बहुतेकांकडे सापडते, आणि नोंदणी पद्धतीने, होमहवनाशिवाय लग्न करणारेही ते टाळत नाहीत. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करायचे तर आधी नोटीस द्यावी लागते, तिच्यानंतर ३० दिवस हरकतींसाठी थांबावे लागते आणि तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर नोटीस पुन्हा द्यावी लागते. कागदोपत्री हा नुसता थांबण्याचा महिना असतो. घरोघरी तो केळवणांत जातो.

बोलावणे आणि पान

बोलावण्यात नात्याचा क्रम असतो. आजोळचे, म्हणजे मामाचे केळवण सहसा चुकत नाही. बोहल्यावर मुलीच्या पाठीशी मामाच उभा राहणार असतो. मग मावशी, आत्या, काका, शेजारी, आईवडिलांचे कार्यालयातले सोबती. अलीकडे मित्रमैत्रिणींचे केळवण वेगळे, कार्यालयातले वेगळे. मुलीबरोबर करवली जाते, मुलाबरोबर भाऊ किंवा बहीण. जवळच्या घरी दोन्हीकडचे आईवडीलही असतात. लग्नपत्रिका आणि अक्षता त्याच भेटीत हातात दिल्या जातात, म्हणजे बोलावणाऱ्याचा मान राहतो आणि एक खेपही वाचते. देवापुढे आणि कुलदैवताला पत्रिका ठेवण्याआधी ती कोणालाच द्यायची नाही असा दंडक असलेल्या घरांत पहिले केळवण त्यामुळे पुढे ढकलले जाते.

दिवस ठरवताना आठवड्याचे वार, उपास आणि पंचांग यांची सांगड घालावी लागते. तुळशीच्या लग्नापासून आषाढी एकादशीपर्यंत लग्नाचे मुहूर्त. त्यातून पौष पुष्कळ जण वगळतात. मग मार्गशीर्षातले गुरुवार आले, सामिष जेवण घालणाऱ्यांना सोमवार आणि शनिवार चालत नाहीत, चतुर्थी-एकादशीला पानावर काय वाढणार हा प्रश्न. साखरपुडा आणि लग्न यांत आठ आठवडे असतील तर शनिवार-रविवार मिळून १६ दिवस हाताशी येतात, आणि खरेदी, कपड्यांची मापे, मंगल कार्यालयाच्या खेपा याही त्यांतच बसवायच्या असतात.

घरी पोचल्यावर दारातच औक्षण. पाटाभोवती किंवा ताटाभोवती रांगोळी, समई, पाण्याच्या तांब्याला फूल. पाटाची जागा टेबलाने घेतली तरी ताटाभोवतीची महिरप राहिली आहे. फुलांच्या पाकळ्यांनी ‘केळवण’ अशी अक्षरे आणि दोघांची नावे काढण्याची हौस नवी आहे. जेवण झाल्यावर मुलीची खण-नारळाने ओटी, साडी किंवा ब्लाउजपीस. मुलाला शर्टपीस, खेड्यात टोपी-टॉवेल. हा आहेर कोणाकडून काय आला ते वहीत लिहून ठेवतात, म्हणजे त्या घरच्या कार्यात परतफेड करता येते.

औक्षण सवाशिणीनेच करावे हा दंडक अजून पुष्कळ घरांत पाळला जातो. ज्या मावशीने दोन दिवस आधीपासून चकल्या तळल्या, चक्का बांधून ठेवला, तिने पती गेला म्हणून निरांजन खाली ठेवायचे आणि शेजारणीला बोलवायचे, हे मनाला लागते. केळवणाला कोणताच मंत्र बांधलेला नाही. त्यामुळे इथे हा दंडक मोडायला कोणाची परवानगीही लागत नाही. काही घरांत होणारी नवरीच आता तबक त्या मावशीच्या हातात देते. हा बदल जितका पसरेल तितका चांगला.

पानात काय असेल ते गावावर आणि घरावर. पुण्या-मुंबईच्या ब्राह्मणी पानात साधे वरण-भात-तूप, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, पंचामृत, कोशिंबीर, मसालेभात, जिलबी किंवा श्रीखंड-पुरी आणि शेवटी मठ्ठा. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरात वालाचे बिरडे आणि ओल्या खोबऱ्याच्या करंज्या, मासळीचा वार असेल तर मग बोलायलाच नको. मालवणकडे कोंबडी-वडे आणि सोलकढी, कोल्हापूरला तांबडा-पांढरा रस्सा. खानदेशात पुरणाचे मांडे, जे करायला उलट्या खापरावर तरबेज हात लागतो आणि त्यासाठी कधी भावकीतल्या जाणत्या बाईला मुद्दाम बोलावले जाते. विदर्भात पाटवडीचा रस्सा, वडाभात. केळवण देणाऱ्या घराची खरी ओळख या ताटात असते. म्हणून घरगुती केळवणाची जागा हॉटेलातल्या तयार ‘केळवण थाळी’ने घेतली की काहीतरी हातचे सुटते. दोघे नोकरी करत असलेल्या घरातल्या काकूला दुसरा मार्ग नसतो हेही खरे, आणि तिने एखादा पदार्थ, निदान खीर, घरून डब्यात आणली तर त्या टेबलावर पहिला चमचा तिचाच उचलला जातो.

एकट्याचे केळवण, दोघांचे केळवण

आज सगळ्यांना गृहीत वाटणारी गोष्ट, म्हणजे दोघांनी जोडीने केळवणाला जाणे, जुनी नाही. पूर्वी मुलीचे केळवण तिच्या नातलगांकडे, मुलाचे त्याच्या. साखरपुड्यानंतर एकदम अंतरपाट दूर झाला की दोघांची नजरानजर. मुलींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी सर्रास होत, त्या काळात मावशीकडचे केळवण म्हणजे एका लहान मुलीला तिच्या आवडीचे खाऊ घालून निरोप देणे होते. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने, म्हणजे शारदा कायद्याने, मुलीचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ ठरवले. आज ते १८ आणि २१ आहे. वय वाढले, मुली शिकल्या, कमावू लागल्या, तसा निरोपाचा सूर कमी होत गेला आणि ओळखीचा वाढला. आता मुलाच्या आत्याकडे जाणारी मुलगी तिथे पाहुणी असते आणि लवकरच घरची होणार असते. जावईबापू, सूनबाई ही हाक त्याला आणि तिला पहिल्यांदा या जेवणांतच ऐकू येते. ‘नाव घे’ असा आग्रहही इथेच सुरू होतो, आणि लग्नात घाबरायला नको म्हणून उखाण्याची तालीम होऊन जाते.

या आठवड्यांत लग्न ठरलेल्या दोघांचे जे सहजीवन असते ते फार करून केळवणांच्या आधाराने चाललेले असते. ‘फिरायला चाललो’ म्हटले तर अजूनही काही घरांत कपाळाला आठी पडते. ‘डोंबिवलीच्या काकांकडे केळवण आहे’ म्हटले की आईच डबा परत द्यायला पिशवी हातात देते. जाताना लोकलमध्ये किंवा दुचाकीवर नात्यांची उजळणी चालते: या मामी सख्ख्या की चुलत, कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे, कोणाच्या पायाचे ऑपरेशन झाले ते विचारायचे. परतीच्या वाटेवर बोलणे वेगळ्या अंगाने जाते. पानात वाढलेली तिसरी जिलबी तिने कशी संपवली, त्याने भांडी उचलायला हात लावल्यावर मामा कसे बघत राहिले, हे हसून झाले की हळूहळू खरे प्रश्न निघतात. लग्नानंतर कुठे राहायचे. आईवडिलांना पैसे कोण किती देणार. मूल कधी, हवे की नको. आडनाव बदलायचे का. लग्नानंतर आडनाव बदलण्याची सक्ती कोणत्याही कायद्यात नाही, हे पुष्कळ जोडप्यांना याच वाटेवर कोणीतरी फोनवर सांगते.

दुसऱ्याच्या घरी माणूस कसा वागतो ते पाहायला मिळणे ही केळवणाने दिलेली मोठी सोय आहे, आणि या नोंदीत तिला महत्त्व देण्याचे कारणही तेच. तो पाणी स्वतः घेतो की मागतो, ती आजीशी मोठ्याने आणि सावकाश बोलते का, वाढणाऱ्या बाईला ‘तुम्ही बसा ना’ असे कोण म्हणते. दोघांनी एकट्याने हॉटेलात घालवलेल्या दहा संध्याकाळी हे दाखवत नाहीत.

जे दिसते ते नेहमी सुखाचे नसते. मानपानाच्या गोष्टी, ‘तुमच्याकडून काय काय येणार आहे’ हे प्रश्न केळवणाच्या गप्पांत हळूच निघतात, आणि काही वेळा ठरल्यापेक्षा मागणी वाढत जाते. हुंडा प्रतिबंधक कायदा, १९६१ लग्नाच्या वेळी, लग्नाआधी किंवा नंतर दिलेल्या-मागितलेल्या हुंड्याला सारखाच लागू आहे. साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ नुसार सप्तपदीचा विधी जिथे आहे तिथे सातवे पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण होते. त्याआधी ‘नको’ म्हणायला घटस्फोट लागत नाही. पत्रिका वाटून झाल्या, दहा घरी जेवून आलो, आता लोक काय म्हणतील, या भीतीने जी मुलगी गप्प बसते तिला हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. केळवण घालणारी मावशी ते सांगू शकते. मुलीला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन ‘सगळं बरं आहे ना गं?’ असे विचारणारी मावशी ही या प्रथेची सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय लग्नात केळवणाला आणखी एक वजन येते. आईवडील तयार झाले तरी काका, आत्या यांचे मौन असते. मग एक दिवस आत्याचा फोन येतो, ‘तिला काय आवडतं खायला?’ एवढाच. घरात सगळ्यांना कळते की आत्या लग्नाला येणार. जे बोलावणे येतच नाही, तेही तितकेच कळते.

ताण आणि फाटे

लागोपाठच्या मेजवान्यांनी दमायला होते. लग्नासाठी शिवलेले ब्लाउज घट्ट होतात, अपचन होते, पहाटेची पाळी करून आलेला मुलगा पानावर पेंगतो. समजूतदार घरे आता दोन-तीन कुटुंबांचे केळवण एकत्र घालतात, किंवा जेवणाऐवजी संध्याकाळचा फराळ ठेवतात. २०२० च्या टाळेबंदीत लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली तेव्हा डबे घरपोच पाठवून, फोनच्या पडद्यासमोर औक्षण करून केळवणे झाली. परदेशात राहणाऱ्या मराठी मुलामुलींची केळवणे मित्रमंडळी तिथेच घालतात. मग भारतात आल्यावर लग्नाच्या आधीच्या चार दिवसांत सकाळ-संध्याकाळ उरलेली.

शेजारच्या समाजांत याची भावंडे आहेत. बंगालमध्ये लग्नाआधी आप्त ‘आईबुडो भात’ घालतात. आईबुडो म्हणजे अविवाहित. गोव्यात मुलीला चुडा भरण्याचा सोहळा मामाकडे होतो, आणि ख्रिस्ती घरांत लग्नाआधी पूर्वजांच्या स्मरणार्थ गरिबांना जेवण घालण्याची रीत आहे.

शेवटचे केळवण घरचे. ग्रहमखाच्या, म्हणजे लग्नाआधीच्या ग्रहशांतीच्या, दिवशी किंवा त्याच्या आदल्या दिवशी आईवडीलच आपल्या मुलाला, मुलीला पाटावर बसवून वाढतात. इथे दुसरी बाजू नसते; मुलगी पुन्हा एकटी, आपल्या घरच्या ताटावर, आणि पानात बहुधा तेच असते जे ती लहानपणापासून मागत आली, मग तो साधा गुरगुट्या भात का असेना. दुसऱ्या दिवशी हळद लागते आणि वेशीबाहेर पाऊल टाकायचे नाही असे सांगितले जाते. ज्यांचे बोलावणे राहून गेले ते लग्नानंतर जोडप्याला जेवायला बोलावतात. रीतीप्रमाणे ते केळवण नव्हे, पण पुष्कळ मावश्या त्यालाही केळवणच म्हणतात आणि ताटाभोवती तशीच रांगोळी काढतात.