बिटरेट वाढवल्याने आवाज सुधारत नाही

असा एक समज आहे, की १२८ केबीपीएस बिटरेटची (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट माहिती असलेली) एमपी३ फाइल ३२० मध्ये बदलली की ती मिक्सिंगला, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र जुळवायला, योग्य होते. वास्तविक एमपी३ बनतानाच बराच तपशील गाळला जातो आणि तो रूपांतराने परत येत नाही. फाइल मात्र अडीचपट मोठी होते, त्यामुळे गैरसमज स्वाभाविकच आहे. पडताळणीसाठी, नाथषष्ठीला पैठणमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या भारुडाची मूळ वेव्ह (काहीही न गाळलेली) फाइल आणि तिचीच १२८ ची एमपी३ करून ३२० पर्यंत वाढवलेली फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून, वरची मर्यादा २० किलोहर्ट्झ ठेवून स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या वारंवारतेचा आवाज किती आहे ते दाखवणारे चित्र) पाहावा: मूळ फाइलमध्ये टाळांची किणकिण १६ किलोहर्ट्झच्या वरही उजळ दिसते, दुसरीत साधारण तिथेच रेघ मारल्यासारखा रिकामा पट्टा सुरू होतो. अर्थात मुद्रणच मोबाइलचे असेल, तर ही रेघ मूळ फाइलमध्येही असू शकते.