झेल कशाला म्हणायचं? एनएफएलमधल्या वादांची पन्नास वर्षं

२३ डिसेंबर १९७२, पिट्सबर्गचं थ्री रिव्हर्स स्टेडियम. ओकलंड रेडर्स ७-६ असे पुढे आहेत, सामन्याचे २२ सेकंद उरलेत आणि पिट्सबर्ग स्टीलर्सच्या हातात शेवटचा, म्हणजे चौथा डाऊन आहे. एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. या खेळात चार डाऊनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, नाही जमलं तर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. टेरी ब्रॅडशॉने जॉन फुक्वाच्या दिशेने पास टाकला. चेंडू पोहोचला त्याच क्षणी रेडर्सचा जॅक टेटम येऊन फुक्वावर आदळला. चेंडू उलट दिशेला उडाला, आणि मागून धावत आलेल्या फ्रँको हॅरिसने तो बुटांच्या उंचीवर, जमिनीला टेकायच्या आत उचलला व थेट एंड झोन, म्हणजे मैदानाच्या टोकाचा गुण मिळवायचा पट्टा, गाठला.

चेंडू असा एंड झोनमध्ये नेणं म्हणजे टचडाउन. तो दिसायला सरळ होता, नियमाने मात्र नव्हता. आक्रमण करणाऱ्या संघाच्या एका खेळाडूचा हात लागलेला पास त्याच संघातल्या दुसऱ्याने लगेच झेलायचा नाही, मध्ये प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श व्हायला हवा, असा तेव्हाचा नियम होता. मग चेंडू उडाला तो फुक्वाला लागून की टेटमला? पंच घोळका करून उभे राहिले. मुख्य पंच फ्रेड स्वेरिंजन मैदानाच्या कडेच्या डगआउटमध्ये गेले आणि वर पत्रकार कक्षात बसलेले पंचप्रमुख आर्ट मॅकनॅली यांना त्यांनी फोन लावला. फोन ठेवून बाहेर आले आणि दोन्ही हात वर केले, म्हणजे टचडाउन. सामना १३-७. तो फोन टीव्हीवरचं चित्र विचारण्यासाठी होता, असं रेडर्सची मंडळी पुढे कायम म्हणत राहिली. लीगने ते कधीच मान्य केलं नाही. चेंडू नेमका कोणाला लागला हे एकाही कॅमेऱ्यातून आजवर निर्विवाद ठरलेलं नाही. तो दुहेरी स्पर्शाचा नियम १९७८ मध्ये पुस्तकातून गेला.

मला या गोष्टीत हॅरिसच्या झेलाइतकाच तो फोन महत्त्वाचा वाटतो. मैदानातल्या माणसाला खात्री नाही आणि वर बसलेल्याला कदाचित जास्त दिसतंय, हा विचार त्या दिवशी सगळ्यांच्या मनात शिरला. एनएफएलमधला पुढचा जवळजवळ प्रत्येक मोठा वाद याच विचाराच्या पोटातून आलेला आहे.

टीव्हीच्या चित्राची मागणी उघडपणे सुरू झाली ती ६ जानेवारी १९८०च्या सामन्यानंतर. मैदान तेच, यजमान तेच, समोर ह्युस्टन ऑयलर्स. माइक रेनफ्रोने एंड झोनच्या कोपऱ्यात पास पकडला, पंच क्षणभर थबकले आणि झेल अवैध ठरला. घरोघरी लोकांना दोन्ही पाय रेषेच्या आत असल्याचं पुन्हा पुन्हा दिसत होतं. ते पाहण्याची सोय फक्त निर्णय देणाऱ्यांना नव्हती. स्टीलर्स २७-१३ने जिंकले, आणि रेनफ्रोचं नाव रिप्लेच्या चळवळीला कायमचं चिकटलं.

तरी रिप्ले यायला १९८६ उजाडलं. वर कक्षात एक अधिकारी बसायचा, हवं तेव्हा खेळ थांबवायचा आणि चित्र पाहून खाली कळवायचा. वेळ फार जातो, खेळाची लय तुटते आणि एवढं करून चुका होतातच, अशा तक्रारी वाढल्या. मार्च १९९२ मध्ये संघमालकांनी मतदान घेतलं. १७ मतं बाजूने पडली, ११ विरोधात. बहुमत होतं, पण एनएफएलमध्ये नियमासाठी तीन चतुर्थांश मतं लागतात, म्हणजे तेव्हाच्या २८ संघांपैकी २१. रिप्ले गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दर्बनला आपला सचिन टीव्ही पाहणाऱ्या पंचाने धावबाद दिलेला पहिला फलंदाज ठरला. एक खेळ पडद्याकडे वळत होता आणि दुसरा त्याच्याकडे पाठ फिरवत होता.

ती पाठ सात हंगाम टिकली. ६ डिसेंबर १९९८ला न्यूयॉर्क जेट्सच्या विनी टेस्टावर्डीने सिएटल सीहॉक्सविरुद्ध शेवटच्या सेकंदांत गोलरेषेकडे स्वतःला झोकून दिलं. पंचांनी टचडाउन दिला. रेषा ओलांडली होती ती हेल्मेटने, चेंडू अलीकडेच होता. जेट्स ३२-३१ने जिंकले. हंगाम संपल्यावर सीहॉक्सचे प्रशिक्षक डेनिस एरिक्सन यांची नोकरी गेली. एका सामन्यामुळेच गेली असं नाही म्हणता येणार, पण हातातोंडाशी आलेला घास असा जातो तेव्हा हिशेब कुणाकडे मागायचा? १९९९ मध्ये मालकांनी २८ विरुद्ध ३ मतांनी रिप्ले परत आणला. आता प्रशिक्षकाच्या हाती लाल फडकं आलं. निर्णयाला आव्हान द्यायचं आणि ते फसलं तर एक टाइमआउट गमवायचा. शेवटची दोन मिनिटं मात्र वर बसलेल्या अधिकाऱ्याच्या ताब्यात.

इथून गोष्टीला वेगळं वळण लागतं. रिप्ले आणला होता टेस्टावर्डीच्या हेल्मेटसारख्या, लहान पोरालाही दिसतील अशा चुका पुसायला. पण एकदा चित्र थांबवता येऊ लागलं की माणूस त्यात काहीही शोधतो. जिवाच्या आकांताने पळणाऱ्या माणसांसाठी लिहिलेल्या वाक्यांचा एकेका फ्रेमवर कीस पडायला लागला.

पहिला तडाखा रेडर्सनाच बसला. १९ जानेवारी २००२, फॉक्सबरो, भुरभुरता बर्फ. रेडर्स १३-१० पुढे, दोन मिनिटांहून कमी वेळ. चार्ल्स वुडसनने न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या टॉम ब्रेडीला गाठलं, चेंडू निसटला, रेडर्सनी तो दाबून धरला. मैदानावरचा निर्णय सरळ होता : चेंडू सुटला, म्हणजे फंबल. पण मुख्य पंच वॉल्ट कोलमन चित्र पाहून आले आणि त्यांनी तो अपुरा पास ठरवला, म्हणजे चेंडू पेट्रियट्सकडेच राहिला. आधार होता १९९९चा एक नियम. पास टाकण्यासाठी हात पुढे निघाला असेल, तर मग पास टाकणारा खेळाडू, म्हणजे क्वार्टरबॅक, तो रद्द करून चेंडू पोटाशी घेत असला तरी चेंडू सुटणं म्हणजे पासच. ब्रेडीला पास टाकायचाच नव्हता हे स्टेडियममधल्या प्रत्येकाला कळत होतं. पण नियमाला मनातला हेतू नको होता, हाताची दिशा हवी होती. अॅडम विनाटिएरीने त्या बर्फातून ४५ यार्डांवरून किक मारून बरोबरी साधली आणि पेट्रियट्स जादा वेळेत १६-१३ने जिंकले. पुढे ते सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामनाही जिंकले.

कोलमन यांनी नियमाप्रमाणे अचूक निर्णय दिला होता, हे माझं ठाम मत आहे. तरी त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्यांना रेडर्सचा सामना दिला गेला नाही. चुकलेल्या वाक्याची शिक्षा ते वाक्य नीट वाचणाऱ्याला झाली. ते वाक्य पुसायला २०१३ उजाडलं. मतदान २९-१ झालं. पिट्सबर्गने विरोध केला, पेट्रियट्स आणि वॉशिंग्टन यांनी मतच दिलं नाही.

आणि मग झेल. या खेळातली सगळ्यात साधी गोष्ट, आणि तिनेच लीगला आठ वर्षं छळलं. १२ सप्टेंबर २०१०, शिकागो. डेट्रॉइट लायन्स १४-१९ मागे, अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ. कॅल्विन जॉन्सन एंड झोनमध्ये उंच झेपावला, दोन्ही हातांनी चेंडू धरला, दोन्ही पायांवर उतरला, खाली बसला, आणि उठण्यासाठी वळताना एका हातातला चेंडू जमिनीवर टेकवून सोडून दिला. पकडलेली वस्तू माणूस खाली ठेवतो, तशीच ती हालचाल दिसते. मी ती कितीदा पाहिली असेल, सांगता येणार नाही. अजूनही मला तो झेलच दिसतो. पण झेल घेता घेता खाली पडणाऱ्या खेळाडूने जमिनीशी संपर्क पूर्ण होईपर्यंत चेंडू सांभाळला पाहिजे, असं पुस्तक सांगत होतं. झेल नाही. लायन्स हरले.

११ जानेवारी २०१५ला ग्रीन बेच्या लॅम्बो फील्डवर डॅलस काउबॉइजच्या डेझ ब्रायंटबाबत तेच घडलं. चौथा डाऊन, साडेचार मिनिटांच्या थोडं वर वेळ बाकी. ब्रायंटने सॅम शील्ड्सच्या डोक्यावरून चेंडू काढला, पावलं टाकत गोलरेषेकडे हात लांबवला, आणि जमिनीवर आपटताना चेंडू क्षणभर उसळला. मैदानावर झेल दिला गेला होता. ग्रीन बे पॅकर्सचे प्रशिक्षक माइक मॅकार्थी यांनी लाल फडकं टाकलं आणि झेल गेला. पॅकर्स २६-२१. शिकागोत आणि इथेही मुख्य पंच एकच होते, जीन स्टेराटोर. नियमाशी दोन्ही वेळा प्रामाणिक राहिलेला माणूस दोन्ही वेळा लाखोंच्या शिव्यांचा धनी झाला.

दर उन्हाळ्यात लीगच्या नियम समितीने त्या वाक्याची डागडुजी केली आणि दर हंगामात गोंधळ वाढत गेला. डिसेंबर २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या जेसी जेम्सचा पेट्रियट्सविरुद्धचा टचडाउन असाच काढून घेतला गेला, तेव्हा कुठे मार्च २०१८ मध्ये ३२-० मतांनी नियम बदलला. ताबा, मैदानात दोन पाय, आणि तिसरं पाऊल टाकण्यासारखी एखादी खेळाची हालचाल : एवढं झालं की झेल. जमिनीची अट गेली. ब्रायंटचा तो झेल झेलच धरायला हवा होता, हे लीगच्या समितीतल्या लोकांनीही मान्य केलं. तीन वर्षं उशिरा.

यात २०१२चं सिएटल अगदीच वेगळं. तिथे वाक्याचा दोष नव्हता, माणसंच बदलली होती. निवृत्तिवेतनावरून लीगने नेहमीच्या पंचांना बाहेर ठेवलं आणि बदली पंच आणले. २४ सप्टेंबरच्या रात्री शेवटच्या पासवर पॅकर्सचा एम. डी. जेनिंग्ज आणि सीहॉक्सचा गोल्डन टेट एकाच चेंडूला मिठी मारून पडले. शेजारी उभ्या दोन पंचांपैकी एकाने टचडाउनची खूण केली, दुसऱ्याने खेळ थांबल्याची. त्याआधी टेटने केलेली ढकलाढकली कोणीच पकडली नाही. सीहॉक्स १४-१२ने जिंकले. दोनच दिवसांत लीगने जुन्या पंचांशी करार केला. माणसांच्या अनुभवाची किंमत इतक्या लखलखीतपणे क्वचितच मोजली गेली असेल.

या सगळ्या वाटचालीनंतर २० जानेवारी २०१९ला न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये जे घडलं ते जास्त जिव्हारी लागतं. सेंट्स आणि लॉस एंजेलिस रॅम्स २०-२०, जिंकणारा सुपर बोलला जाणार. एक मिनिट ४९ सेकंद उरलेले. सेंट्स रॅम्सच्या १३ यार्डांवर. ड्रू ब्रीसने उजव्या कडेला टॉमीली लुइसकडे पास टाकला. चेंडू हवेत असतानाच रॅम्सचा निकेल रोबी-कोलमन पूर्ण वेगाने येऊन त्याच्यावर धडकला. त्याने चेंडूकडे वळूनही पाहिलं नव्हतं. पास पोहोचण्याआधी झेलणाऱ्याला असं पाडणं ही अगदी पहिल्या पानावरची चूक. पण पंचांचं शिक्षेचं पिवळं फडकं पडलंच नाही. पडलं असतं तर सेंट्सनी वेळ जवळजवळ संपवून जवळून सोपी किक मारली असती. त्यांना लगेच किक घ्यावी लागली, रॅम्सनी बरोबरी साधली आणि जादा वेळेत ग्रेग झुरलाइनच्या ५७ यार्डांच्या किकवर ते २६-२३ने जिंकले. आपण चेंडूच्या आधी पोहोचलो हे रोबी-कोलमनने स्वतःच सांगितलं. हेल्मेटच्या धडकेसाठी लीगने त्याला नंतर २६,७३९ डॉलरचा दंडही केला. पंच कार्यालयाने चूक झाल्याचं फोनवर कबूल केलं, असं सेंट्सचे प्रशिक्षक शॉन पेटन यांनी सामन्यानंतर सांगितलं.

म्हणजे खेळाडूला मान्य, लीगला मान्य, घरोघरी पडद्यावर स्पष्ट, आणि रिप्ले तर हाताशी होताच. पण रिप्ले कशासाठी वापरायचा याची यादी होती, आणि न दिलेली शिक्षा त्या यादीत नव्हती. चेंडू तीळभर हलला का हे बघायला कॅमेरा चालत होता, माणूस आडवा पाडला गेला तर नाही. रेनफ्रो आणि टेस्टावर्डीच्या वेळी ज्या ढळढळीत चुकीसाठी ही व्यवस्था मागितली होती, तशीच चूक समोर आली तेव्हा व्यवस्थेचे हात बांधलेले होते. न्यू ऑर्लिन्सच्या दुःखात मला सगळ्यात जास्त हेच खुपतं. सुपर बोलच्या दिवशी त्या शहरात लोकांनी सामना न पाहता रस्त्यावर वाजतगाजत निषेध केला, आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या वृत्तपत्राने पहिलं पान जवळजवळ कोरं सोडलं. कोर्टातही खटले गेले, पण तिथे काही मिळणार नव्हतं.

मार्च २०१९ मध्ये मालकांनी ३१-१ मतांनी ती भिंत पाडली. झेलणाऱ्याला अडवण्याच्या शिक्षेवर, दिलेल्या आणि न दिलेल्याही, रिप्लेने फेरविचार करता येईल, असा एका हंगामाचा प्रयोग ठरला. निर्णय न्यूयॉर्कच्या केंद्रातून होणार होता. त्या केंद्राला नाव आहे आर्ट मॅकनॅलींचं, १९७२चा फोन घेणाऱ्यांचं. पण धडक आणि धक्का यांच्यातली रेघ पडद्यावर कुठे ओढायची? आव्हानामागून आव्हान फेटाळलं जाऊ लागलं. प्रशिक्षक चिडले, पंच गोंधळले, आणि किती धक्का म्हणजे पुरेसा धक्का हे कुणालाच सांगता येईना.

५ जानेवारी २०२०ला सेंट्स पुन्हा सुपरडोममध्ये बाद फेरीचा सामना खेळत होते, मिनेसोटा वायकिंग्जशी. पुन्हा २०-२०, पुन्हा जादा वेळ. चार यार्डांवरून कर्क कझिन्सने एंड झोनच्या कोपऱ्यात उंच पास टाकला. काइल रुडॉल्फने पी. जे. विल्यम्सच्या अंगावर हात टेकून त्याला मागे सारलं आणि चेंडू वरून काढला. फडकं पडलं नाही. या वेळी नियम होता, न्यूयॉर्कमध्ये चित्रही पाहिलं गेलं. संपर्क दोघांकडूनही होता, असं म्हणून टचडाउन कायम राहिला. वायकिंग्ज २६-२०. २०२०चा हंगाम सुरू होण्याआधी तो प्रयोग बंद झाला होता.